शॅमेलिऑनचं पिल्लू खात नाही: खाणं बदलावं, पिंजरा सुधारावा की डॉक्टर गाठावा?

अमेरिकेत किंवा युरोपात घरी पाळलेला शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, बहुतेक वेळा व्हेल्ड जातीचा असतो. मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातला. घरी येतो तेव्हा दोन-तीन महिन्यांचं बोटभर पिल्लू असतं, आणि काही दिवसांतच काळजी सुरू होते: रातकिडे समोर सोडले तरी तोंड लावत नाही. मग तीन सल्ले कानावर येतात. खाणं बदला, पिंजरा नीट करा, डॉक्टरकडे न्या. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण क्रम चुकला तर दिवस वाया जातात, आणि एवढ्याशा जिवाकडे फार दिवस नसतात. माझं मत आधीच सांगते: पिंजरा आजच, डॉक्टर याच आठवड्यात, खाण्यातले बदल सगळ्यात शेवटी.

ठरवण्याआधी मात्र एकदा नीट बघा. सकाळी दिवे लागून तासभर झाला की पिल्लापासून वीतभर अंतरावर, पानावर एकच बारीक रातकिडा सोडा आणि स्वतः पाच-सहा फूट मागे सरा. भूक असलेलं पिल्लू आधी एक डोळा तिकडे वळवतं, मग दुसरा. दोन्ही डोळे किड्यावर खिळले की अंग पुढे झुकतं, तोंड किंचित उघडतं आणि जिभेचं टोक दिसतं. मग जीभ सुटते. या क्रमात पिल्लू कुठे अडतं, त्यावर तुमचा निर्णय ठरतो.

बघतं, रोखतं, पण जीभ सोडत नाही आणि मागे सरतं: इथे दोष बहुतेकदा पिंजऱ्यात असतो. जीभ सोडतं पण ती कमी पडते किंवा नेम पुन्हा पुन्हा हुकतो: कॅल्शियमची कमतरता, डोळ्याचं किंवा जिभेचं दुखणं यांची शंका घ्यावी, आणि ते काम डॉक्टरचं. बघतच नाही, पण डोळे टक्क उघडे आहेत आणि नव्या घरी येऊन दोन-तीन दिवसच झालेत, तर थोडी उसंत द्या. कात टाकतानाही एखाद-दुसरा दिवस खाणं सुटतं, त्यात काळजीचं काही नाही. भरदिवसा डोळे मिटून बसलंय, तर उद्याची वाट बघू नका.

आता पिंजरा. यावर मी जास्त वेळ घालवते, कारण उपाशी पिल्लांची कारणं मला इथेच सापडतात. पहिलं तापमान. पिल्लू जिथे ऊन शेकायला बसतं त्या फांदीवर २९ ते ३० अंश सेल्सियस (म्हणजे साधारण ८५ फॅरेनहाइट) हवं आणि खालच्या भागात २२ ते २४. फांदी गार असेल तर खाल्लेलं पचत नाही, आणि पचलं नाही की भूक मरते. उलट दिवा फार जवळ असेल तर इवलंसं अंग पटकन तापतं. पिल्लू फिकट पडून तोंड उघडं टाकून बसलं तर ते तापलंय. अंदाजावर जाऊ नका, फांदीवरच तापमापक लावा.

दुसरं यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण. लांब टी-फाइव्ह (बारीक नळीची) ट्यूब, पाच-सहा टक्के यूव्हीबीची, फांदीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर. मळसूत्री छोटा बल्ब पुरत नाही. खिडकीतल्या उन्हाचाही उपयोग नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. ट्यूब उजेड देत राहिली तरी तिचं यूव्हीबी घटत जातं, म्हणून वर्षाने बदलायची.

तिसरं पाणी. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा पीतच नाही, पानावरचे थेंब चाटतो. सकाळ-संध्याकाळ एक-दोन मिनिटं बारीक फवारा आणि दिवसा थोडा वेळ पानांवर पडणारं ठिबक, एवढं पुरतं. विष्ठेबरोबर येणारा युरेटचा (घट्ट लघवीचा) भाग पांढरा असेल तर ठीक. नारिंगी-पिवळा झाला किंवा डोळे खोल गेलेले दिसले तर पिल्लू तहानलेलं आहे. तहानलेलं पिल्लू खात नाही. अमेरिकेतल्या हिवाळ्यात हीटरने घरातली हवा कोरडी पडते, तेव्हा हे हमखास घडतं.

आणि भीती. पिंजरा टेबलावर ठेवा, म्हणजे पिल्लाची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर येईल. दोन-तीन बाजू पुठ्ठ्याने झाका, आत मनी प्लांट किंवा जास्वंद दाट लावा. दोन भावंडं एकत्र असतील तर वेगळी करा, कारण एक खातं आणि दुसरं त्याच्या धाकाने गप्प बसतं. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी हाच त्रास होतो.

या तुलनेत खाणं बदलण्याचं आकर्षण मोठं आहे, कारण ते स्वस्त आणि सोपं वाटतं. पिंजरा बरोबर असेल तर त्याचा उपयोगही होतो. रोज तेच रातकिडे बघून पिल्लू कंटाळतं. उडणारी माशी किंवा हिरवी हॉर्नवर्म अळी दिसली की लगेच सावध होतं. रेशीमअळी मऊ असते, पचायला हलकी. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीत मुळातच कॅल्शियम भरपूर असतं. डुबिया झुरळ पौष्टिक, पण वाटीत निपचित पडून राहतं, त्यामुळे पिल्लाचं लक्षच जात नाही. मेणअळीच्या नादी लावू नका, ती नुसती चरबी आहे. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. कॅल्शियमची पूड हलकी लावा; पिठात घोळलेल्या भज्यासारखा पांढराफटक किडा पिल्लं नाकारतात. उरलेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात ठेवू नका, ते झोपलेल्या पिल्लाला चावतात.

अपेक्षाही तपासा. तीन महिन्यांपर्यंतचं पिल्लू दिवसाला दहा-बारा बारीक रातकिडे खातं. पाच-सहा महिन्यांनंतर भूक आपोआप उतरते, आणि ती उतरायलाच हवी. त्याच वयात एक धोका असतो. मागच्या पायाच्या टाचेवर बारीक काटा असेल तर तो नर. नसेल तर मादी, आणि मादी नराशिवायही अंडी धरते. ती खाणं सोडून अस्वस्थ फिरू लागली, जमीन उकरू लागली, तर तिला ओलसर मातीचं खोल भांडं हवं. ते देऊनही अंडी घातली नाहीत आणि ती मलूल पडली, तर तो जिवावरचा प्रसंग आहे.

डॉक्टरचा खर्च बहुतेकदा पिल्लाच्या किमतीपेक्षा जास्त येतो, म्हणून घरात टाळाटाळ होते. मला ती पटत नाही. पोटातले जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, ते ताज्या विष्ठेच्या तपासणीतच कळतात, आणि पिंजरा कितीही सुधारला तरी ते जात नाहीत. कुत्र्या-मांजरांचा नेहमीचा डॉक्टर यासाठी पुरत नाही. सरपटणारे प्राणी तपासणाराच शोधा. अमेरिकेत असाल तर अशा डॉक्टरांच्या एआरएव्ही या संघटनेच्या यादीत जवळचं नाव मिळेल. जाताना बंद पिशवीत त्याच दिवशीची विष्ठा, पिंजऱ्याचा फोटो, दिव्यांची खोकी आणि वजनाची नोंद न्या. वजन दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर, खाण्याआधी घ्यायचं. वाढत्या वयात वजन घटलं, पाय वाकले, जबडा मऊ लागला किंवा पकड सुटू लागली, तर पिंजऱ्याचे प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी निघा. जबडा उघडून बळेच भरवणं मात्र घरी करू नका; नाजूक हाड मोडतं, घास श्वासनलिकेत जातो.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडचा भारतीय शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे शेतातून उचलून आणलेलं पिल्लू खात नसेल तर खाणं की पिंजरा हा विचारच नको. तो विषारी नसतो, माणसाला त्याचा काही धोका नाही. धडधाकट असेल तर जिथे सापडला तिथल्याच झाडावर सोडा, जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. परदेशी जातीचा शॅमेलिऑन घरी असेल, तर याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ती झालेली नसली तरी उपचार थांबवू नका. आधी डॉक्टर गाठा आणि नोंदणीही उरकून घ्या.