ड्युसेलडॉर्फमध्ये एकच दुपार हाताशी असेल तर जुनं विधानभवन बघावं की नवं?

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या व्यापारी प्रदर्शनांना जाणाऱ्यांच्या हाताशी बहुधा शेवटची एखादी दुपार उरते. तेवढ्यात नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्याच्या विधिमंडळाचा, म्हणजे लांडटागचा, इतिहास बघायचा असेल तर दोन वास्तू आहेत: जुनं विधानभवन, म्हणजे श्टेंडेहाउस, आणि ऱ्हाइनकाठचं आजचं विधानभवन. एकीकडून दुसरीकडे चालत जाता येतं, पण एका दुपारी दोन्ही निवांत बघून होत नाहीत.

रूपात श्टेंडेहाउस सरस, यात वाद नाही. वास्तुकार राशडोर्फ यांनी बांधलेली ही वास्तू 1880 साली प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांताच्या सभेसाठी उभी राहिली. समोर तळं, भोवती झाडी. महायुद्धात तिची बरीच पडझड झाली. त्यामुळे युद्धानंतर या भागाचा ताबा असलेल्या ब्रिटिशांनी नेमलेल्या पहिल्या लांडटागची बैठक 2 ऑक्टोबर 1946 ला ऑपेरागृहात भरली. पुढे निवडून आलेल्या सदस्यांनी पर्सिल ही साबणपूड बनवणाऱ्या हेंकेलच्या कारखान्यातल्या सभागृहात कामकाज चालवलं. उपासमारीच्या त्या दिवसांत साबणाच्या कारखान्यात बसून लोकांनी नव्या राज्याचा गाडा हाकला, याचं मला फार अप्रूप वाटतं. 1949 ला श्टेंडेहाउस दुरुस्त झालं आणि 1988 पर्यंत लांडटाग तिथेच होता. राज्यघटना जून 1950 मध्ये तिथेच मंजूर झाली.

एवढं वाचून आत गेलात की मात्र हिरमोड होतो, निदान माझा झाला. 2002 पासून तिथे के-21 हे कलासंग्रहालय आहे. बाहेरच्या भिंती जुन्या, आतला भाग पार नवा. चौकाच्या मधोमध उभं राहून अध्यक्षांचं आसन कुठे असेल, सदस्य कुठल्या बाजूला बसत असतील, याचा अंदाज घेऊ लागलो. काही म्हणता काही लागेना. वर काचेच्या छताखाली कलाकार सारासेनो यांची पोलादी जाळी ताणलेली आणि तिच्यावरून माणसं जपून पावलं टाकत चाललेली. कलेची आवड असेल तर नक्की जा (सोमवारी बंद असतं). पण मला सभागृह बघायचं होतं आणि तेच तिथे उरलेलं नाही.

नव्या भवनाची कटकट वेगळी: नाव आधी नोंदवा, ओळखपत्र दाखवा, तपासणी होऊ द्या. ऐनवेळी ठरवणाऱ्याला ते जमेलच असं नाही. इमारतही काहींना रुक्ष वाटेल. पण प्रेक्षक सज्जात बसलात की खाली ते गोल सभागृह एका नजरेत मावतं. बॉनमध्ये बुंडेस्टागचं, म्हणजे जर्मनीच्या संसदेचं, गोल सभागृह 1992 साली झालं, त्याच्या चार वर्षं आधीचं हे. कोण बोलतंय, कोण मान हलवतंय, कोण कागद चाळतंय, सगळं दिसतं. भाषा अर्धीमुर्धी कळली तरी सभा कळते. या भवनाचं उद्घाटनही, लांडटागच्या पहिल्या बैठकीसारखं, 2 ऑक्टोबरलाच, 1988 साली, केलं गेलं.

तुमची आवड वेगळी असू शकते. तरी नोंदणी मिळत असेल तर मी ऱ्हाइनकाठच सुचवीन, आणि शक्यतो अधिवेशन चालू असतानाचा दिवस गाठा. श्टेंडेहाउस जाताजाता तळ्याच्या बाजूने बाहेरून बघितलं तरी चालेल.