जुन्या होंडा सिटीसाठी घडवलेला टर्बो संच: भोसरीतील एका कार्यशाळेचे परीक्षण

माझी होंडा सिटी २००१ सालची, १.५ लिटर व्हीटेक इंजिनाची आहे. चौदा महिन्यांपूर्वी भोसरी औद्योगिक वसाहतीतील एका लहान कार्यशाळेत मी तिच्यासाठी टर्बोचा, म्हणजे एक्झॉस्टच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या यंत्राचा, संपूर्ण संच घडवून घेतला. या लेखात कामातील काही त्रुटीही येणार आहेत, म्हणून कार्यशाळेचे नाव मी देत नाही. असे काम कोणाकडूनही करून घेताना नेमके कशाकडे पाहावे, हे वाचकाला कळावे एवढाच माझा हेतू आहे.

या इंजिनाची एक्झॉस्टची बाजू पुढे, रेडिएटरकडे तोंड करून आहे. हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि रेडिएटरचा पंखा यांच्यात जी अरुंद फट उरते, तिच्यातच टर्बो, त्याचा मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर टर्बोकडे नेणाऱ्या नळ्यांचा संच) आणि टर्बोतला धूर घेऊन खाली उतरणारी डाउनपाइप बसवावी लागते. बरेच जण जागा करण्यासाठी एसीचा कंडेन्सर काढून टाकतात. मला ते मान्य नव्हते, आणि कार्यशाळेच्या मिस्त्रींनी ही अट पहिल्याच भेटीत, कोणतीही खळखळ न करता स्वीकारली. टर्बो मी स्वतः विकत घेतला होता: सुबारू डब्ल्यूआरएक्समधून काढलेला, मित्सुबिशी बनावटीचा टीडी०४. पिंपरी-चिंचवड परिसरात डिझेल ट्रकांचे टर्बो खोलून दुरुस्त करणारे कारागीर पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी एकाकडून त्याचे बेअरिंग आणि सील नवे करून शाफ्टचे संतुलन तपासून घेतले होते.

कामाचा खरा कस मॅनिफोल्डमध्ये लागला. चकचकीत दिसतो म्हणून ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचा मॅनिफोल्ड करावा, असा माझा आग्रह होता. मिस्त्रींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि त्याऐवजी सव्वा इंची, शेड्यूल ४० (नळीच्या भिंतीच्या जाडीचा एक वर्ग) चे साध्या पोलादाचे बेंड वापरण्याचे सुचवले. त्यांचे कारण पूर्णपणे पटण्यासारखे होते. तापमानात सुमारे ६०० अंशांची वाढ झाली, तर ३०० मिलिमीटर लांबीची ३०४ ची नळी सुमारे सव्वातीन मिलिमीटर वाढते, तर साध्या पोलादाची अडीचच्या आसपास. दोन्ही टोके बोल्टने आवळलेली असताना ही वाढ जोडांवर ताण आणते आणि पातळ स्टेनलेसचे मॅनिफोल्ड बहुधा तेथेच तडकतात. शेड्यूल ४० च्या नळीची भिंत साडेतीन मिलिमीटरहून किंचित जाड असल्याने टर्बोचे वजनही ती पेलते. रंग काळपट आणि रूप ओबडधोबड असले तरी ते स्वीकारावे, हा सल्ला मी मानला आणि मला त्याचा आजही आनंद आहे.

हेडकडील फ्लँज (हेडवर आवळायचा सपाट भाग) १२ मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून लेझरने कापून घेतला होता. वेल्डिंगच्या उष्णतेने असा फ्लँज हमखास वाकतो. म्हणून मिस्त्रींनी तो एका जुन्या, निकामी हेडवर सर्व स्टडांनी आवळून, आधी सगळीकडे टाके मारून, मग एका नळीवरून दुसरीवर जात थोडे-थोडे वेल्डिंग केले आणि प्रत्येक टप्प्यानंतर जॉब पूर्ण थंड होऊ दिला. शेवटी त्यांनी फ्लँजचा चेहरा सरफेस ग्राइंडिंग करून सपाट केला आणि दोन पोर्टांच्या (धुराच्या तोंडांच्या) मधली पट्टी करवतीने चिरून ठेवली, जेणेकरून तापल्यावर प्रत्येक भागाला स्वतंत्रपणे सरकता यावे. मी स्वतः पोलादी पट्टी आडवी धरून पाहिली, तेव्हा खालून प्रकाशाची रेघही दिसली नाही. अशी कामे गाडीत बसवल्यावर कोणालाच दिसत नाहीत, आणि ग्राहकाने न मागताही ती केली जातात, तेव्हाच त्या माणसाच्या हाताविषयी विश्वास वाटू लागतो.

टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या ॲल्युमिनियम नळ्या, त्यांच्या टोकांवर काढलेला उभार, सिलिकॉनच्या जोडनळ्या आणि रुंद क्लॅम्प हे सारे नीटनेटके होते. डाउनपाइप अडीच इंची असून तिच्यात लवचिक बेलो घातला आहे, त्यामुळे इंजिन हलले तरी सायलेन्सरच्या जोडावर ताण येत नाही.

पुढे मात्र चूक झाली, आणि ती गंभीर होती. टर्बोला जाणारे ऑइल इंजिनाच्या मागील बाजूच्या प्रेशर स्विचजवळून वेणीदार नळीने आणले होते. ते ठीक होते. परतीची नळी मात्र अर्ध्या इंचाची घेतली होती, आणि पंख्याला वळसा घालण्यासाठी ती बरीचशी आडवी नेऊन ऑइल चेंबरला फार खाली जोडली होती. टर्बोत शिरणाऱ्या ऑइलला पंपाचा दाब असतो, पण बाहेर पडणारे ऑइल फेसाळलेले आणि दाबहीन असते. ते केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. परतीची वाट अरुंद, आडवी किंवा चेंबरमधील ऑइलच्या पातळीखाली उघडणारी असेल, तर ऑइल टर्बोतच तुंबते आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये झिरपते. तिसऱ्या दिवशी उभ्या गाडीतून निळसर धूर येऊ लागला. टर्बोचे सील खराब असावे, असे कार्यशाळेने प्रथम सांगितले. नव्याने दुरुस्त केलेल्या टर्बोवर दोष ढकलणे मला योग्य वाटले नाही आणि मी तसे स्पष्ट सांगितले. दोन दिवसांनी मिस्त्रींनी चूक मान्य केली, चेंबर उतरवून जोड वर घेतला, १९ मिलिमीटरची नळी जवळजवळ उभी उतरवली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. धूर त्याच दिवशी थांबला.

इंधन आणि ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) काम या कार्यशाळेत होत नाही. त्यासाठी मला दुसऱ्या ट्यूनरकडे जावे लागले. हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले असते, तर दोन्ही कामांची सांगड आधीच घालता आली असती. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा होंडाचा मूळ मॅप सेन्सर साधारण ०.७ बार बूस्टपर्यंतच (बूस्ट म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब) वाचतो, म्हणून आम्ही ३ बारचा बसवला, आणि इंधन फवारणारे नोझल मिनिटाला ४४० सीसीचे घेतले. पंपावरील पेट्रोल आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) असल्याने त्याच ताकदीसाठी इंधन अधिक लागते, हा हिशेब नोझल निवडताना धरावाच लागतो. जुन्या गाडीतील इंधनाच्या रबरी नळ्याही इथेनॉलने खराब होऊ नयेत म्हणून बदलून घेतल्या. कनेक्टिंग रॉड मूळचेच, म्हणजे जादा दाबासाठी न बनवलेले, असल्यामुळे बूस्ट ०.४५ बारवर थांबवला. पहिल्या चाचणीत ६००० आरपीएमच्या पुढे तो आपोआप ०.६ वर चढत होता, कारण वेस्टगेटचे (जादा धूर टर्बोला वगळून सोडून देणाऱ्या झडपेचे) छिद्र अपुरे पडत होते. कार्यशाळेने ते घासून मोठे केल्यावर काटा स्थिर राहिला. डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) चाकांपाशी आधी ८७ हॉर्सपॉवर मिळत होती, आता १२४ मिळते. पूर्ण बूस्टमध्ये हवा-इंधन प्रमाण ११.८ ला १ च्या आसपास ठेवले आहे.

एक तक्रार पैशांपेक्षाही महत्त्वाची वाटते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. गाडी आत घेण्यापूर्वी प्रत्येक ग्राहकाला हे सांगणे कार्यशाळेचे कर्तव्य आहे. मला कोणी सांगितले नाही. काम निम्मे झाल्यावर मी स्वतः वाचून जाणून घेतले. तेव्हापासून ही गाडी मी फ्लॅटबेडवर चढवून बंद ट्रॅकवरच नेतो, आणि मूळ मॅनिफोल्ड, नोझल व सेन्सर जपून ठेवले आहेत. जोड सर्वत्र बोल्टचे असल्यामुळे गाडी मूळ स्थितीत परत आणता येते, हे श्रेयही कार्यशाळेलाच द्यावे लागेल.

वेळेच्या बाबतीत मात्र ती कमी पडली. चार आठवड्यांचे काम अकरा आठवडे चालले आणि लेखी अंदाजपत्रक मागूनही मिळाले नाही. मॅनिफोल्ड, डाउनपाइप आणि इंटरकूलरच्या नळ्या यांचे मिळून सुमारे ९५ हजार रुपये झाले. टर्बो, ईसीयू आणि ट्यूनिंगचा खर्च वेगळा. मजुरीच्या दर्जाकडे पाहता ही रक्कम मला वाजवी वाटते. ज्यांना ठरलेल्या तारखेला गाडी हवी आहे, त्यांनी येथे जाऊ नये. जे आठवड्यातून एकदा समोर उभे राहून काम पाहू शकतात आणि ऑइलच्या परतीच्या वाटेसारखे प्रश्न नळी कापण्यापूर्वी विचारू शकतात, त्यांनी अवश्य जावे.

एप्रिलच्या उन्हात एसी चालू ठेवून गाडी चाळीस मिनिटे उभ्या जागी चालवली, तेव्हा पंखा वारंवार सुरू होत राहिला, पण तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला नाही. गेल्या आठवड्यात हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढून मॅनिफोल्ड तपासला. दोन स्टड किंचित सैल झाले होते, ते पुन्हा आवळले. जोडांवर तडा कोठेही नव्हता.