वूफर तोच, सेटिंग वेगळं: १२ इंची सबवूफर आणि मोनो अँपचा वापरानंतरचा अनुभव

आधी सामान सांगतो. १२ इंची सबवूफर (फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर), ड्युअल व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तांब्याची वेटोळी दोन, ४ अधिक ४ ओहम, ३०० वॉट आरएमएस (सतत झेपणारी ताकद). पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेला एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुश्याचा) बॉक्स. सोबत क्लास डी मोनो अँप (एकाच चॅनेलचा अँप्लिफायर), दोन्ही कॉइल समांतर जोडून होणाऱ्या २ ओहमला ३०० वॉट आरएमएस. वूफरच्या खोक्यावर भल्या मोठ्या अक्षरांत १५०० वॉट छापलंय, ते वाचून सोडून द्या. गाडी साधी हॅचबॅक, स्टिरिओ बाहेरून बसवलेला, आरसीए आउट (अँपला सिग्नल देणारी जोडणी) असलेला.

या मॉडेलचे रिव्ह्यू दोनच प्रकारचे दिसतात. 'कडक आहे भावा, डिकी हादरते' आणि 'चार महिन्यांत कॉइल जळाली, पैसे पाण्यात'. मला दोन्ही पटतात, कारण माझ्या गाडीत दोन्ही घडलंय. पहिला वूफर ऐन पावसाळ्यात गेला. दुसरा त्याच मॉडेलचा, त्याच बॉक्समध्ये, त्याच अँपवर, आणि आज इतक्या महिन्यांनंतरही ठणठणीत आहे. मधल्या काळात बदलल्या त्या अँपवरच्या सेटिंग्ज आणि बॅटरीपासून येणारी एक वायर.

पहिला जाण्याआधी लक्षणं दिसत होती. लांबच्या प्रवासात तासाभराने बेस दबल्यासारखा व्हायचा. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. कॉइल २०० अंशांवर गेली की रोध दीडपटीच्याही पुढे. अँपची व्होल्टेज तेवढीच, पण वूफरपर्यंत ताकद कमी पोचते. बेस बसला म्हणून माणूस आवाज वाढवतो आणि कॉइल आणखी तापते. मग एके दिवशी डिकीतून जळक्या वॉर्निशचा वास आला. वूफर खोलून कोन दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबला तर आत खरखर, जणू वाळू अडकलीय. मल्टिमीटर लावला: एक कॉइल ३.५ ओहम (४ ओहमची चांगली कॉइल साधारण एवढंच दाखवते), दुसरी ओपन, म्हणजे तुटलेली. दुकानातलं उत्तर ठरलेलंच, जळालेली कॉइल वॉरंटीत बसत नाही.

अँपवर झाकण होतं, ते काढल्यावर सगळा उलगडा झाला. गेन शेवटपर्यंत, बेस बूस्ट १२ डेसिबल, सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) बंद. फिटरचं म्हणणं, "सर, फुल्ल ठेवलंय, दणका बसायला नको का?" दुकानाच्या दारातून गाडी निघते तेव्हा गिऱ्हाईक खूश दिसलं पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशेब. पुढचं कॉइल बघून घेईल.

गेनचा पेच आवाज वाढवायला दिलेलाच नसतो. स्टिरिओकडून २ व्होल्ट येतात की ४, त्याच्याशी अँप जुळवायला तो असतो. तो टोकाला फिरवला की स्टिरिओचा आवाज निम्म्यावर जायच्या आतच अँपचा दम संपतो. त्याच्यापुढे लाट वर जाऊ शकत नाही, तिचा माथा सपाट कापला जातो. हेच क्लिपिंग. गोल लाट चौकोनी होत जाते, आणि पूर्ण चौकोनी लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट ताकद असते. म्हणजे ३०० वॉटचा अँप क्लिप होऊन ६०० च्या आसपास ढकलू शकतो, वायरिंग तेवढा करंट देणार असेल तर. शिवाय बेसमध्ये आवाज फाटला तर कानाला लवकर कळत नाही. ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) असता तर किंचाळला असता, वूफर गुपचूप जळतो.

बेस बूस्ट तर त्याहून वाईट. ३ डेसिबल वाढवले की ताकद दुप्पट लागते, ६ ला चौपट, १२ ला जवळजवळ १६ पट. ती आणणार कुठून?

'लहान अँपनेच वूफर जळतात' हे सगळीकडे ऐकू येतं, ते मला अर्धवट वाटतं. ५० वॉटचा अँप कितीही क्लिप केला तरी १०० च्या आसपासच देणार. ३०० वॉटच्या कॉइलला त्याचं काही नाही.

दुसरा वूफर बसवला तेव्हा सेटिंग घरीच केलं. इंजिन चालू, स्टिरिओचा इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, बेस बूस्ट शून्य. वूफरच्या वायरी अँपवरून काढल्या. पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा साइन टोन (गोल लाटेचा एकच सूर), स्टिरिओ ४० पैकी ३० वर, आणि गेन अगदी खाली ठेवून हळूहळू वर. किती व्होल्ट हवेत? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० गुणिले २ म्हणजे ६००, वर्गमूळ २४.५. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झचीच असल्याने साधा स्वस्त मल्टिमीटरही हे नीट मोजतो. मी २२ व्होल्टवर थांबलो, म्हणजे २४२ वॉट. ऐकायला पूर्ण एक डेसिबलचाही फरक नाही. एक मात्र आहे: क्लिपिंग मल्टिमीटरला दिसत नाही. ते डोळ्यांनी बघायचं तर ऑसिलोस्कोप लागतो.

लो पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर. सबसॉनिक ३० वर, कारण पोर्टवाल्या बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या) खालच्या सुरांना कोनला हवेचा आधारच उरत नाही, तो मोकाट धावतो. ही मोडतोड वेगळी, तिला क्लिपिंगची गरज नाही.

वायरचं म्हणाल तर, जुन्या किटमधली वरून जाड दिसायची, आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. बेस पडला की अँपवरची व्होल्टेज चटकन खाली यायची आणि मग क्लिपिंग आणखी लवकर. अस्सल तांब्याची ४ गेज टाकली, फ्यूज बॅटरीजवळच.

आवाज? 'दणका' पहिल्यापेक्षा कमी आहे, हे आधीच सांगतो. पण ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगमध्ये टिपरूचा घाव आणि त्यामागची घुमी वेगळी कळते. पूर्वी नुसता गदारोळ होता. प्रवास कितीही लांबला तरी बेस बसत नाही. रिमिक्स ऐकणाऱ्या मित्रांना कमी वाटतो, त्यांनी दोन वूफर घ्यावेत, गेनला हात लावू नये.

वूफरला माझ्याकडून ५ पैकी ४. एक तारा कापला तो बॉक्सच्या टर्मिनलसाठी, खटका ढिला आहे आणि वायर निसटते. नंबरप्लेटची खडखड अजून चालूच आहे, फोमची पट्टी लावून पाहिली, उपयोग झाला नाही. डॅम्पिंग शीट कोणी डिकीच्या दाराला लावली असेल तर कितपत फरक पडला ते लिहा.