उलव्यात भाड्याने घर बघताय? विमानतळावर नवीन लागलेल्यांनी वाचाच, माझे २,६०,५०० गेलेत

आधी हे वाचा, खालचं मोठं आहे. नवी मुंबई विमानतळावर नोकरी लागली आणि व्हॉट्सॲपवर 'ओन्ली एअरपोर्ट स्टाफ, फॅमिली प्रेफर्ड' असली भाड्याची जाहिरात आली तर मालकाचा इंडेक्स टू (घर कोणाच्या नावावर नोंदलंय ते दाखवणारा सरकारी उतारा) स्वतः काढून बघितल्याशिवाय एक रुपया टोकन देऊ नका. मग तो माणूस कितीही 'ताई ताई' करो.

माझा हिशोब असा. टोकन ११,०००, उरलेलं डिपॉझिट २,२९,०००, पहिल्या महिन्याचं भाडं ९,०००, ब्रोकरेज ९,०००, ॲग्रीमेंटचे म्हणून २,५००. झाले २,६०,५००. त्यातले ९०,००० माझ्या पाटल्या गहाण टाकून काढलेत आणि त्याचं व्याज चालूच आहे. टेम्पोचे ४,५०० यात धरलेले नाहीत, तो बिचारा सामान घेऊन गेला आणि सामान घेऊन परत आला.

आता 'एवढं कसं कळलं नाही' म्हणणाऱ्यांसाठी. मी डोंबिवलीची. चेक-इन काउंटरला लागले. विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, सुरुवातीला विमानं सकाळी ८ ते रात्री ८ एवढीच, पण ८ चं विमान म्हणजे आम्ही त्याच्या कितीतरी आधी काउंटरला उभे पाहिजे. ट्रेनने यायचं तर ठाण्याला बदला, मग ट्रान्स हार्बर, मग नेरूळ नाहीतर बेलापूरला परत बदला, आणि उरण लाईनला गाड्या किती कमी आहेत ते तिथे उभं राहिलेल्यालाच माहीत. स्कूटीने यायचं तर कल्याण शीळ रोड. शिळफाट्याला अडकलं की पुढचं सगळं देवाच्या हातात. कंपनीची गाडी बायकांना पहाटे घ्यायला येते पण ती ठरावीक पट्ट्यातच, डोंबिवली त्यात नाही. म्हणजे घर बदलणं ही माझी हौस नव्हती, कोणीही असता तरी बदललंच असतं.

सगळं बघितलं होतं आम्ही, घाईत काही केलं नाही. खारघर परवडत नाही. कामोठ्यात पाण्याचं रडगाणं, तिथे राहणाऱ्या मावसबहिणीनेच सांगितलं नको येऊस. जुनं पनवेल चांगलं, बाजार हाताशी, मुलाला शाळा मिळते, पण बाहेर पडेपर्यंतच अर्धा जीव जातो. तळोजा स्वस्त आहे, मेट्रो पण आहे पेंधरपर्यंत, पण एमआयडीसीचा वास आणि रात्री एकटीने स्कूटीवर यायचं म्हणजे नवऱ्याला झोप नाही. द्रोणागिरी अजून स्वस्त, पण त्या रस्त्याला जेएनपीटीचे कंटेनर ट्रेलर, त्यांच्या मधून टू व्हीलर घालायची माझी हिंमत नाही. (कोणीतरी सुचवलं शिवडी साईडला राहा आणि अटल सेतूने ये. बाई गं, अटल सेतूवर टू व्हीलरला परवानगीच नाही, आणि कारला एका बाजूचा टोल २५० रुपये. पगार टोलनाक्यावरच जमा करू का?) राहिलं करंजाडे आणि उलवे. उलवे सगळ्यात जवळ, म्हणून सगळ्या स्टाफला उलवेच पाहिजे, म्हणून तिथली भाडी बघता बघता चढली. वन बीएचकेला १७,००० आणि ६०,००० डिपॉझिट असं सगळीकडे ऐकत होतो.

आणि तेव्हा ही जाहिरात. डिपॉझिट २,४०,००० द्या, भाडं फक्त ९,०००. हेवी डिपॉझिट आपल्याकडे नवीन नाही, माझ्या सख्ख्या काकांनी अशाच घरात सात वर्षं काढली, त्यामुळे आकडा ऐकून दचकायचं कारण नव्हतं. लाखाचा फ्लॅट हजारात देतो असं काही तो म्हणत नव्हता, हिशोब बसत होता. हेच तर ते शिकलेले आहेत, हिशोब बसेल एवढंच स्वस्त सांगायचं.

माणूस चाळिशीचा, नीटनेटका, घरात शिरताना चप्पल बाहेर काढली. त्याला आमचं सगळं माहीत. एंट्री पाससाठी पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, त्याला पत्त्याचा पुरावा लागतो, कंपनी मागे लागलेली असते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "ताई, तुमच्या पासचं काम अडायला नको, दोन दिवसात ॲग्रीमेंट हातात देतो." मला वाटलं किती समजूतदार मालक आहे.

खाली वॉचमन बसलेला. आम्ही घर बघून उतरलो तर तो त्या माणसाला म्हणाला, "साहेब, परत नवीन पाहुणे?" मी हे ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि तो माणूस हसून म्हणाला अहो घर आवडतं सगळ्यांना, पण मला फॅमिलीच पाहिजे म्हणून थांबलोय. रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच वॉचमन डोक्यात येतो. तिथेच मागे वळून त्याला विचारायचं होतं, बाबा रे, पाहुणे म्हणजे काय? पण कोण विचारतं हो, मालक शेजारी उभा असताना वॉचमनची उलटतपासणी कोण करतं?

दुसरी गोष्ट पैसे पाठवताना. यूपीआयला दिवसाला एक लाखाची मर्यादा, म्हणून २,२९,००० तीन दिवसात गेले, १,००,०००, परत १,००,०००, मग २९,०००. आणि तिन्ही वेळा स्क्रीनवर नाव आलं ते त्याचं नव्हतं, कुठल्यातरी 'एंटरप्रायझेस'चं. विचारलं मी, न विचारता नाही पाठवले. म्हणाला मेहुण्याचं खातं आहे, माझ्या खात्यात एकदम रक्कम आली की इन्कम टॅक्सवाले विचारतात. आता सांगा, आपल्याकडे असं बोलणारा प्रत्येक माणूस चोर असतो का? निम्मे खरे मालकसुद्धा हेच बोलतात! लाईट बिल बाईच्या नावावर होतं, ती म्हणे त्याची बायको. पण नावं पडताळून बघा, स्क्रीनवरचं, लाईट बिलावरचं, करारावरचं. तीन ठिकाणी तीन नावं असतील तर उठून निघून या, चहा सुद्धा पिऊ नका.

करार ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिला. करार रजिस्टर करताना अंगठ्याचा ठसा घेतात ते मशीन कुठेय विचारलं तर सर्व्हर डाऊन, नंतर रजिस्टर करू. नोटरीवाल्या कागदाला काही अर्थ नाही हे मला नंतर कळलं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला भाड्याचा करार, लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

सामान घेऊन गेलो त्या सकाळी दारात अजून दोन कुटुंबं. एकाच्या गळ्यात आमच्याच विमानतळाचा पास, कंपनी वेगळी. तिघांकडे सारखी किल्ली. खरी मालकीण पुण्याला, तिने त्या माणसाला घर फक्त एका महिन्यासाठी दिलं होतं, तोंडी, ना करार ना पोलिसात भाडेकरूची माहिती. एका महिन्याचं भाडं भरून त्याने तीन कुटुंबांकडून डिपॉझिट गोळा केलं. फोन बंद, ब्रोकरचा पण बंद, दोघं एकच टोळी.

आता पोलिसांचं ऐका. घर जिथे आहे तिथल्या स्टेशनला गेलो तर म्हणाले पैसे कुठून पाठवले? डोंबिवलीतून? मग तिकडे जा. तिकडे गेलो तर घर कुठे आहे? मग तिकडे जा. मी म्हटलं झिरो एफआयआर कुठल्याही स्टेशनला घेता येतो, हद्द कोणाचीही असो, नवीन बीएनएसएसच्या (पोलीस-कोर्टाच्या कामकाजाचा कायदा) कलम १७३ मध्ये लिहिलंय, तर समोरचे हवालदार म्हणाले, "मॅडम, वकील आहात का?" मग साहेब बंदोबस्तात, मग साहेब मीटिंगला, मग साहेब भेटले आणि म्हणाले तुमच्याकडे करार आहे म्हणजे हे दिवाणी प्रकरण, कोर्टात जा. अहो दुसऱ्याचं घर स्वतःचं सांगून पैसे घेतले, याला दिवाणी कसं म्हणता? बीएनएसचं (गुन्ह्यांचा नवा कायदा, आयपीसीच्या जागी आलेला) ३१८ फसवणूक आणि ३१९ तोतयेगिरी मग कशासाठी ठेवलंय? १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, पोर्टलवर तक्रार टाकली, तर सायबरवाले म्हणतात तुम्ही त्याला प्रत्यक्ष भेटलात ना, मग हे सायबर कसं. बँक म्हणते पिन तुम्ही स्वतः टाकलात. त्या खात्यात ३,१४० रुपये शिल्लक होते, ते होल्ड केलेत म्हणे, ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा! तीन कुटुंबांचे पैसे गेले आणि सरकारने पकडले काय तर ३,१४०. मध्येच त्याच हॉलचे फोटो दुसऱ्या नंबरवरून परत फिरायला लागले, ते घेऊन मी धावत गेले, वाटलं आता तरी रंगेहाथ पकडतील. उत्तर मिळालं, स्क्रीनशॉट अर्जाला जोडा.

माझ्या हातात आजही एफआयआर नाही, नुसता इनवर्डचा शिक्का मारलेला अर्ज आहे. कोणावर अशी वेळ आली तर तोंडी भांडत बसू नका, लेखी द्या, शिक्का घ्या, घेतला नाही तर तोच अर्ज वरिष्ठांना पोस्टाने पाठवा, तरी नाही ऐकलं तर मॅजिस्ट्रेटकडे. आणि १९३० ला पहिल्या तासात फोन, आधी नातेवाईकांना सांगत बसू नका. आम्ही ते बसलो. सासूबाई म्हणाल्या, माणूस तर चांगल्या घरातला वाटत होता.

इंडेक्स टू आयजीआर महाराष्ट्राच्या (सरकारच्या नोंदणी खात्याच्या) साईटवर फुकट शोधता येतो, वर्ष आणि मालमत्तेचा नंबर टाकून. मला हे त्या टेम्पोनंतर कळलं. काढून बघितला, त्यावर पुण्याच्या बाईंचंच नाव.

त्यांचा गेल्या आठवड्यात फोन आला होता. झालं ते वाईट झालं म्हणाल्या, पण फ्लॅट तुम्ही बघितलेलाच आहे, रिकामाच पडलाय, १८,००० भाडं आणि ६०,००० डिपॉझिट, हवा असेल तर बघा. मी फोन कापणार होते. नवरा म्हणाला थांब, अंगठ्याचं मशीन घेऊन येणार का ते विचार.