हाताने कापलेल्या रेकॉर्डच्या नावाखाली १८,२०० रुपये आणि आईची कॅसेट गेली

ठाणे-नवी मुंबईत कोणी तुम्हाला ‘जुन्या कॅसेटवरून एकच खास रेकॉर्ड हाताने कापून देतो’ असं सांगत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे १८,२०० रुपये गेले. कशी सुरुवात होते ते तुम्हाला ठाऊकच आहे: गोड बोलणं, ‘ताई, ताई’, अर्धे पैसे आगाऊ. मी काही लॉटरीच्या मागे लागले नव्हते. बाबांची पंचाहत्तरी होती, घरात त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर अजून चालतो, आणि आईने गणपतीत म्हटलेल्या अभंगांची एक कॅसेट होती. आई आता नाही. त्या आवाजाची एक तबकडी करून द्यायची, एवढंच मनात होतं.

कारखान्यात एकच प्रत कोणी काढून देत नाही. तिथे आधी साचा बनवावा लागतो आणि मग शेकड्याने प्रती घ्याव्या लागतात. एकच हवी तर कटिंग लेथ, म्हणजे फिरत्या कोऱ्या चकतीवर सुईने खोबणी कोरत जाणारं यंत्र लागतं. त्या माणसाचा गाळा तुर्भ्याच्या एमआयडीसीत आहे असं कळलं आणि मी फोन केला. ठरलेली किंमत १२,००० रुपये, त्यातले ६,००० लगेच.

हा माणूस या कामाबद्दल जे बोलला ते बहुतेक खरं होतं, म्हणून तर मला तो खरा वाटला. अडतीस मिनिटांचं गाणं असेल तर कापायलाही अडतीस मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही. शेवटच्या मिनिटाला चूक झाली तर अख्खी चकती फुकट जाते. एका बाजूला वीसेक मिनिटांपेक्षा जास्त भरलं तर खोबण्या दाटतात आणि आवाज बारीक करावा लागतो. टाळ आणि ‘स’, ‘श’ हे सगळ्यात त्रासदायक, कारण कापताना तार स्वर मुद्दाम चढवून कापतात आणि वाजवताना प्लेअरच्या बाजूला उतरवतात. त्यामुळे असे आवाज आले की कापणाऱ्या हेडवर, म्हणजे सुई धरून हलवणाऱ्या भागावर, ताण येतो. हे सगळं मी नंतर पडताळून पाहिलं, बरोबर निघालं. कारणं खरी होती, काम मात्र झालंच नव्हतं.

मग पैशांचे फोन सुरू झाले. आधी २,४०० रुपये, कोऱ्या चकतीचे. ‘अमेरिकेतला कारखाना २०२० मध्ये जळाला ना ताई, तेव्हापासून माल मिळत नाही.’ कॅलिफोर्नियातला तो कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये खरंच जळाला. पण तिथे बनायच्या त्या ॲल्युमिनियमवर लॅकर चढवलेल्या चकत्या. मला तर हा प्लॅस्टिकची चकती वापरतो म्हणून सांगत होता! प्लॅस्टिकचा त्या आगीशी काय संबंध? हे त्याला तेव्हाच विचारायला कोणाला सुचेल? मी ऑफिसात मीटिंगच्या मधे फोन घेतला होता. पुढे ३,८०० रुपये, टाळांनी सुई तुटली म्हणून. आणि पाठवण्याआधी उरलेले ६,०००. एकदा ठरलेल्या किमतीवर कोणी दुसऱ्यांदा पैसे मागितले की तिथेच थांबा.

सगळ्यात जास्त जळतं ते त्या व्हिडिओने. मी पुरावा मागितला होता, नाही असं नाही. त्याने व्हिडिओ पाठवला, तबकडी फिरतेय, सुई टेकलेली, मागे आईचा आवाज. ऐरोलीला लोकलच्या दारात उभी राहून मी तो पाहिला आणि डोळे भरून आले. आता तोच व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावून बघते तेव्हा हात थरथरतात. कापणारी सुई बाहेरून आत जाते. तिच्या पुढचा भाग आरशासारखा सपाट असायला हवा. इथे पुढेही, लेबलापर्यंत, खोबण्याच खोबण्या! आणि कापताना केसासारखा बारीक धागा सुटतो, तो ओढून घ्यायला नळी लावलेली असते, नाहीतर तो सुईखाली अडकतो. इथे धागा नाही, नळी नाही. साध्या प्लेअरवर जुनी एलपी फिरवली होती आणि आईचा आवाज वरून जोडला होता. पण ज्याने आयुष्यात लेथ पाहिलं नाही, त्याने मोबाइलच्या पडद्यावर हे ओळखावं तरी कसं? तुम्ही आता ओळखाल. सुईच्या पुढे बघा.

पार्सल आलं. लेबलवर आईचं नाव, छान छापलेलं. बाबांनीच सुई ठेवली आणि कुठल्यातरी हिंदी सिनेमाचं गाणं लागलं. नखाने लेबलची कड उचलली तर खाली मूळ कंपनीचं लेबल. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कारखान्याचा क्रमांकही ठोकलेला होता. बाबा एवढंच म्हणाले, ‘राहू दे गं.’ त्याचा फोन तेव्हापासून बंद. गाळ्याला कुलूप, शेजारचे म्हणतात इथे असं कोणी नव्हतंच.

आणि मूळ कॅसेट त्याच्याकडेच राहिली. ‘मोबाइलवरच्या कॉपीने आवाज मरतो, मूळच द्या,’ असं त्याने बजावलं होतं. माझ्याकडे एका बाजूची कॉपी आहे, दुसऱ्या बाजूची नाही. मूळ कॅसेट कोणाच्या हातात देऊ नका. समोर बसून कॉपी करून घ्या.

आता आपल्या यंत्रणा. चौकीत सांगितलं, गाळा खाडीपलीकडे, आमच्या हद्दीत येत नाही. अहो, नव्या कायद्यात हद्द न बघता तक्रार घ्यायची असते, हे मी सांगायचं का तुम्हाला? पलीकडे गेले तर म्हणे पैसे ठाण्यातून गेले, तिकडेच जा. नंतर, ‘मॅडम, वस्तू तर आली ना? मग ही दिवाणी बाब झाली.’ लेबल चिकटवून दुसऱ्याची रेकॉर्ड देणं ही फसवणूक नाही तर काय आहे? बँकेत गेले, तर तुम्हीच पिन टाकलात, आम्ही काय करणार. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, पण तो नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवला तरच रक्कम अडवता येते. माझे हप्ते केव्हाच खात्यातून पुढे गेले होते. शेवटी एका पोलिसाने अर्ज घेतला आणि विचारलं, ‘कॅसेटची किंमत किती लिहू? पन्नास रुपये लिहू?’ मी त्या टेबलापाशी उभी राहून रडले. त्याने खरोखर पन्नास लिहिले.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, आणि वकील नाही म्हणूनही थांबू नका. स्क्रीनशॉट, पावत्या, पार्सलचं वेष्टन, सगळं ठेवा. मी वेष्टन फेकणार होते, बाबांनी ठेवलं म्हणून कुरिअरचा क्रमांक हाती आहे.

तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नंबरवरून फिरतोय, फक्त आवाज दुसऱ्या कोणाच्या तरी आईचा आहे. ज्यांनी पैसे दिलेत त्यांनी लाजून गप्प बसू नका, लेखी तक्रार द्या आणि मला कळवा. एकटीचा अर्ज त्यांनी पन्नास रुपयांचा करून ठेवला, आपण सगळे एकत्र गेलो तर तसं करणं त्यांना जड जाईल.