अ‍ॅस्टेरियास की ओबेसा?

जळगाव-धुळ्याच्या गच्चीवर कुंडीतल्या या दोन शोभेच्या रोपांपैकी एकच ठेवायचं, तर आधी ओळख पक्की करा. दोन्ही गोल, बिनकाट्यांची, बहुधा आठ उभ्या धारांची. अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास या निवडुंगाच्या धारेवर लोकरी गोंड्यांची ओळ असते, अंगभर पांढरे कण. फूल पिवळं, गळ्याशी लाल. मूळ टेक्सास-मेक्सिकोचं. युफोर्बिया ओबेसा दक्षिण आफ्रिकेतली, निवडुंग नव्हेच. अंगावर जांभळट पट्टे, खरचटलं की पांढरा चीक. तो डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते.

कापसाची काळी माती दोघांनाही नको. ती पाणी धरते, मुळं कुजतात. तापीची वाळू चाळून २ ते ४ मिमीचे खडे ७ भाग, कुजलेलं शेणखत १, विटेचा चुरा २. उन्हाळ्यात ८-१० दिवसांनी, संध्याकाळी पाणी. पावसाळ्यात छताखाली.

खरा फरक उन्हाचा. मेमध्ये पारा ४५ अंशांकडे गेला की अ‍ॅस्टेरियासची पश्चिमेकडची बाजू करपते आणि तो तपकिरी डाग जात नाही. ५० टक्के सावलीची जाळी लागतेच. ओबेसा थोडं जास्त सोसते, पण दुपारचं ऊन तिलाही नको.

बी हवं तर अ‍ॅस्टेरियासची दोन वेगळी रोपं लागतात. ओबेसात नर-मादी वेगळे, शिवाय बोंड फुटून बी उडतं, म्हणून जाळीची पिशवी बांधा.

फुलांची हौस आणि जाळीची सोय असेल तर अ‍ॅस्टेरियास, शक्यतो स्वतःच्या मुळांवरचं. ड्रॅगनफ्रूटवर कलम केलेलं लवकर फुगतं आणि बेढब दिसतं. घरात लहान मुलं नसतील, देखभालीला वेळ कमी असेल, तर ओबेसा.