जुन्या हॅचबॅकला विनाइल रॅप की नवा रंग?

गाडी सात-आठ वर्षांची ऑल्टो किंवा वॅगनआर, विकली तर दोन-अडीच लाख येतील, इंजिन ठणठणीत, फक्त रंग मेलेला. अशा गाडीचा हिशेब नव्या एसयूव्हीपेक्षा वेगळा मांडावा लागतो.

आधी छप्पर आणि बॉनेट बघा. क्लिअर कोटचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे, पोपडे निघत असतील तर प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. रॅप म्हणजे रंगावर चिकटवलेली विनाइलची फिल्म, आणि ती खालचं काही लपवत नाही. पोपड्याची कड, पुट्टीचा खळगा, गंजाचा फुगवटा, सगळं वर उमटतं. म्हणजे घासून, प्रायमर मारून रंग द्यावाच लागणार, वर फिल्मचे पैसे वेगळे. तो रंग पुरता वाळायला काही आठवडे द्यायचे, नाहीतर आतलं थिनर बाहेर पडताना फिल्मखाली बुडबुडे धरतात. शिवाय गॅरेजात मारलेला कच्चा रंग फिल्म काढताना पुट्टीसकट सुटू शकतो. रॅप शोभतो तो कंपनीच्या मूळ, धडधाकट रंगावर.

तसा रंग असेल तर रॅपच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. काम तीन-चार दिवसांत होतं, मॅट-सॅटिन सहज मिळतं आणि मूळ रंग खाली सुरक्षित राहतो. मात्र फिल्म कास्टच (द्रवरूप विनाइल ओतून बनवलेली) हवी: थ्रीएम २०८०, एव्हरी डेनिसन एसडब्ल्यू ९०० या जातीची. स्वस्त कॅलेंडर्ड (रोलरखाली लाटून बनवलेली) फिल्म बंपरच्या वळणावर ताणली की पुन्हा आकसू बघते. उन्हापावसात कडा उचलतात आणि काढताना गोंद गाडीवरच राहतो. १.५२ मीटर पन्ह्याची फिल्म हॅचबॅकला साधारण १५ ते १७ मीटर लागते. मजुरी धरून चांगलं काम सहसा ६०,००० च्या पुढे जातं. हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग बऱ्याच ठिकाणी त्याच्या निम्म्या-पाऊण खर्चात बसतो, अर्थात शहरागणिक फरक पडेल.

पण माझ्या मते पैशापेक्षा निर्णायक आहे तो ओरखडा. पार्किंगमध्ये कुणाच्या स्कूटरचं हँडल दाराला घासतं, सिग्नलला रिक्षा बंपर चाटून जाते. रंगाच्या बाबतीत ओरखडा क्लिअर कोटपुरता असेल तर २००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर, मग कंपाउंड, मग पॉलिश, आणि अर्ध्या तासात दार पूर्ववत. फिल्मला रबिंग चालत नाही. ग्लॉस फिल्मवर हलके केसासारखे चरे उष्णतेने थोडे बसतात, मॅटवर घासलं की तिथे चमकदार डाग कायमचा. फिल्म फाटली तर ठिगळ दिसतंच, म्हणून पूर्ण दाराची फिल्म बदलायची. दोन उन्हाळे झाले असतील तर नव्या फिल्मची शेड शेजारच्या दाराशी जुळत नाही. विम्यात रॅप आधी नोंदवलेला नसेल तर क्लेममध्ये साधारणपणे रंगाचेच पैसे मिळतात. रोज गर्दीत फिरणाऱ्या गाडीला ही कटकट वारंवार येते, आणि बजेट गाडी फिरते ती गर्दीतच.

रंग देतानाही चुका होतात. हँडल, बीडिंग, दिवे न काढता नुसतं मास्किंग केलं की कडेला रंगाची पायरी राहते आणि पोपडा तिथूनच सुटतो. प्लॅस्टिक बंपरला प्लॅस्टिक प्रायमर मारला नाही तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाला स्पष्ट नकार द्या. मूळचाच रंग ठेवला तर आरसीवर रंगबदलाची नोंद करावी लागत नाही आणि दारांच्या आतल्या कडा वेगळ्या दिसत नाहीत.

रॅपची हौस असेल तर फक्त छप्पर काळं करून घ्या. ते पन्ह्यात अखंड बसतं, वळणं कमी, स्कूटर तिथे पोचत नाही. ऊन सगळ्यात जास्त तिथेच लागतं, त्यामुळे बाजूच्या पॅनेलपेक्षा ते लवकर बदलावं लागेल, पण खर्च आवाक्यातला. कारागिराला दोन गोष्टी आधीच सांगा: कडांना शेवटी हीट गनने ९० ते ११० अंश उष्णता द्यायची, आणि पत्र्यावर ब्लेड न चालवता नाइफलेस टेपने (आतला दोरा ओढून फिल्म कापणाऱ्या पट्टीने) कापायचं. ब्लेडची रेघ रंगाखाली पत्र्यापर्यंत गेली की पावसाळ्यात गंज तिथूनच धरतो.